फाटक उघडं होतं की बंद?

अगं, आधी सगळ्याजणी हसून घ्या, मग मी सांगते. झालं? बरं. आमच्या बिल्डिंगचं फाटक चोरीला गेलं. फाटकातून काही गेलं असं नाही म्हणत मी. फाटकच गेलं. अख्खं, लोखंडी, हिरवं, उघडताना म्हातारी खाटेवरून उठल्यासारखं कुरकुरणारं. सकाळी पेपरवाला म्हणाला, "आज फाटक लवकर उघडलंत?" तेव्हा कळलं की उघडलेलं नाही, नाहीच आहे. चोराने साखळी आणि कुलूप मात्र खांबाला तसंच लटकवून ठेवलं होतं. आमचे सेक्रेटरी काका धावत खाली आले, कुलूप ओढून बघितलं आणि विजयी चेहऱ्याने म्हणाले, "कुलूप शाबूत आहे!"

खरं सांगू? मला पहिल्यांदा ते छानच वाटलं. म्हणजे रस्ताच हळूच आत येऊन बसल्यासारखा. ऊन थेट जिन्यापर्यंत. बिल्डिंगने काहीतरी बोलायला तोंड उघडलंय आणि शब्द आठवत नाहीये, असं. आणि सवय बघा माणसांची! जो येईल तो तिथे थांबतो, हवेत हात घालतो, कडी वर करतो, मग आत येतो. तळमजल्याच्या काकू तर आत आल्यावर मागे वळून हवा लावूनसुद्धा घ्यायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, गाय शिरते." सेक्रेटरी काका रोज संध्याकाळी साखळीला कुलूप लावत होते. कशाला लावताय विचारलं तर, "शिस्त."

पण आमच्या घरात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण आजोबा.

माझे आजोबा, आईचे बाबा, नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. जन्मभर विंगेत बसून दुसऱ्यांना शब्द पुरवले. आता त्यांच्या डोक्यातलं बरंचसं धुक्यात गेलंय. आपला मजला कुठला, जेवण झालं की व्हायचंय, मी कोण, हे सगळं येऊन-जाऊन असतं. पण रोज संध्याकाळी ते एकटे खाली उतरायचे, हळूहळू चालत फाटकापर्यंत जायचे, कडीवर हात ठेवायचे, रस्त्याकडे बघत उभे राहायचे, आणि मग "पडदा" असं पुटपुटून मागे फिरायचे. इतकंच. फाटक आलं की अंक संपला, हे त्यांच्या डोक्याला नाही, हाताला ठाऊक होतं.

फाटक गेलं त्या संध्याकाळी हाताला कडी लागली नाही. मग अंक संपलाच नाही ना! आजोबा चालत राहिले.

मी आणि आई नुसत्या सैरावैरा. सापडले बसस्टॉपवर. तिथे एक नवराबायको भांडत होते आणि आजोबा त्यांच्या मागे बाकावर शांत बसलेले. बायको म्हणाली, "आता बोल ना, गप्प का?" नवरा अडकला. मागून आजोबा, ओठ न हलवल्यासारखं, एकदम मऊ आवाजात, "चुकलं माझं." नवरा म्हणाला, "चुकलं माझं." बायको बघतच राहिली! त्या दोघांचा संसार सुधारला असेल, पण आई घरी येऊन स्वयंपाकघरात रडली.

"असं नाही चालणार," ती म्हणाली. "मी दिवसभर हॉस्पिटलच्या टेलिफोनवर, तू वाचनालयात. फाटक नसेल तर बाबांना दादाकडे पाठवावं लागेल."

दादा म्हणजे माझा मामा. राहतो दहाव्या मजल्यावर. माणूस चांगला आहे, पण दाराला वर एक कडी, खाली एक कडी. आजोबा तिथे मागे राहिले होते तेव्हा रोज लिफ्टच्या दारासमोर खुर्ची टाकून बसायचे, पडदा कधी वर जातो याची वाट बघत. आठवडाभरात वाळून अर्धे झाले होते. मी म्हटलं, "आई, थांब. मी फाटक आणते."

आता तुम्ही म्हणाल, नवीन बसवा की! मीही तेच म्हटलं. तर सेक्रेटरी काका आडवे हात करून खांबांच्या मधे उभे. "पंचनामा झाल्याशिवाय जागेला हात लावायचा नाही! पुरावा आहे तो."

"काका, पुरावाच तर गेला!"

"जिथून गेला, ती जागा पुरावा."

साधी दोरीसुद्धा बांधू देईनात. म्हणजे पोलीस येणार, जागा बघणार, पंचनामा लिहिणार, मग फाटक. म्हटलं, एवढंच ना? आणि मी अशी ऐटीत निघाले ना वरच्या चौकीत! आमच्याकडे दोन चौक्या आहेत, एक चढावर, एक उतारावर, म्हणून वरची आणि खालची.

वरच्या चौकीत दुपार इतकी दाट होती की चमच्याने ढवळता आली असती. पंखा एकेक पातं मोजून फिरवत होता. टेबलामागे एक उंच हवालदार, डोळे उघडे, पण आत कुणी नाही. मी म्हटलं, "काका, आमचं फाटक नाहीसं झालंय." त्यांना पहिले शब्द ऐकूच गेले नसावेत.

"कधीपासून नाहीसं आहे?"

"काल सकाळपासून."

"वय?"

मला वाटलं, रीत असेल. "तीसएक वर्षं."

"रंग?"

"हिरवा."

त्यांनी मान डोलावली. काही आश्चर्य नाही! "घरात काही भांडण?"

"नाही हो. थोडं कुरकुरायचं, पण ते नेहमीचंच."

"जाताना कुणाला काही बोललं का?"

"आवाज आलाच नाही म्हणतात."

"मग येईल," ते फार मायेने म्हणाले. "चिडलं की जातात. भूक लागली की येतात."

आणि मी, तुमची शप्पथ, "बरं" म्हणून उठले! दारापर्यंत आल्यावर जागी झाले. परत जाऊन ओरडले, "काका, फाटक! लोखंडाचं!" तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांत कुणीतरी दिवा लावला. पण जागा झालेला हवालदार झोपलेल्यापेक्षा वाईट, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"फाटक उघडं होतं की बंद?"

"म्हणजे?"

"असं बघा ताई. तुमच्या खांबांच्या बाहेर गटार आहे, त्यावर फरशी. गटाराच्या आत आमची हद्द. पलीकडे रस्ता, तो खालच्या चौकीचा. तुमचं फाटक उघडतं बाहेर. बंद असताना चोरलं तर चोरी आमच्यात. उघडं असताना चोरलं तर चोरी रस्त्यावर. मग? उघडं होतं की बंद?"

"बंद. कुलूप होतं."

"कुलूप फोडलंय?"

"नाही, शाबूत आहे."

"मग उघडं होतं." आणि पंखा थांबला. वीजच गेली, पण मला वाटलं निकाल लागला.

खालच्या चौकीत गेले. तिथले हवालदार गोलमटोल, हसतमुख, एकदम तरतरीत. म्हटलं, आता झालं काम. त्यांनी सगळं ऐकलं, टाळी वाजवली आणि म्हणाले, "उघडं असेना का! नेलं कुठून? बिजागऱ्यांवरून उचलून. बिजागऱ्या कशाला असतात? खांबाला. खांब कुठे? आत. वर जा ताई, वर."

वर गेले. वरच्यांनी सांगितलं, बिजागरी म्हणजे फाटक नव्हे. खाली आले. खालच्यांनी विचारलं, बिजागरीशिवाय फाटकाला फाटक म्हणता येईल का? मला तर वाटायला लागलं की मी चोरीची तक्रार करत नाहीये, कुठल्यातरी आश्रमात शंकासमाधानाला येतेय. चार दिवस चढ-उतार करून माझ्या पोटऱ्या दगड झाल्या आणि एका दुपारी वरच्या चौकीत मी टेबलावर हात आपटला. "हद्द झाली आता!"

उंच हवालदार ताडकन उभे. "कुठे झाली? नवी आखली? आम्हाला कळवलं नाही कुणी!"

घरी सल्ल्यांचा पूर. काकू म्हणाल्या, "गोड बोलावं गं पोलिसांशी, तू फार फाडफाड बोलतेस." सेक्रेटरी काका म्हणाले, "वरून दाब आणला पाहिजे." मी विचारलं, कुठून वरून? त्यांनी नुसतं छताकडे बोट दाखवलं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने तर शर्टावर पाणी शिंपडत शांतपणे सांगितलं, "पोलिसांची नको, चोराची वाट बघ. त्याला खांबही लागतीलच की." मला ते इतकं पटलं की मी एक अख्खी दुपार खिडकीत बसून चोराची वाट बघितली. डोळे मिटले तर तो आलाच, फाटक पाठीवर घेऊन, कासवासारखा, आणि म्हणाला, "ताई, फार जड आहे हो, कुठे ठेवू?" मी म्हटलं, "उघडं ठेव की बंद ठेव, आधी ते सांग." जागी झाले तर आजोबा जिना उतरत होते. धावले.

तोवर हे रोजचं झालं होतं. मी आणि आई पाळी लावून आजोबांच्या मागे चालायचो. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "तू नोकरी करतेस की येऊन-जाऊन आहेस?" आईला हॉस्पिटलच्या टेलिफोनवर दोनदा झोप लागली. शेवटी एका सकाळी तिने मामाला फोन लावला. रविवारी तो न्यायला येणार असं ठरलं. आजोबांची बॅग कपाटावरून खाली आली. आजोबांनी बॅगकडे बघून विचारलं, "दौरा आहे?" आईने त्यांच्याकडे बघितलं नाही. "हो बाबा. छोटासा."

आणि त्याच आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये पोलिसांनी रहिवाशांशी बोलायची सभा ठेवली. मोठे साहेब येणार, दोन्ही चौक्यांचे वरचे. मी ठरवलं, बोलायचं. आरशासमोर उभी राहून असं भाषण बसवलं ना, आरसा घामाघूम झाला असता! त्यात 'उत्तरदायित्व' हा शब्द मी तीन ठिकाणी पेरला होता. आजोबांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, स्टेजच्या पायऱ्यांच्या अगदी कडेला. त्यांना बरं वाटलं. विंगेसारखी जागा.

सभेत आधी सगळ्यांनी साहेबांना फुलं दिली. मग सेक्रेटरी काकांनी, जे रस्त्यात मला "सोडू नकोस हं त्यांना" म्हणत होते, त्यांनी साहेबांचं इतकं कौतुक केलं की मला वाटलं चोर आमच्या हद्दीत यायलाच लाजतो. मग माझं नाव पुकारलं. माइक शिट्टी वाजवतोय. मी म्हटलं, "पोलीस यंत्रणेचं उत्तर… उत्तरदा… उत्तरदायी…" दोनशे माणसं. मागून कुणीतरी म्हणालं, "उत्तर नंतर दे, प्रश्न काय आहे?" आणि हशा! माझे कान इतके तापले की त्यांच्यावर इस्त्री झाली असती.

साहेब चांगले हसले. म्हणाले, "बेटा, सोप्या शब्दात सांग."

मग माझं भाषण गेलं उडत. मी म्हटलं, "साहेब, आमचं फाटक गेलं. कुणी नेलं ते राहू दे. एक माणूस येऊन जागा बघून गेला असता तर आम्ही दुसरं बसवलं असतं. एवढंच काम होतं. वरची चौकी म्हणते खालची, खालची म्हणते वरची. दोन्हीकडे सगळे फार गोड बोलतात. चोराने निदान काम तरी केलं, तेही एका रात्रीत. आणि फाटक नाही म्हणून माझे आजोबा रोज हरवतात. रविवारी त्यांना आम्ही पाठवून देतोय, कारण आमच्याकडे त्यांना थांबवणारं काही नाही. ते रस्त्यात कुठे पडले, गाडीखाली आले, तर तुम्ही आधी विचाराल, गटाराच्या आत पडले की बाहेर. तर मला फक्त सांगा, ही जबाबदारी कोणाची?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. डावीकडे बघितलं, तिथे खालची चौकी. उजवीकडे बघितलं, तिथे वरची. तोंड उघडलं, आणि शब्द येईना. बाई गं, ते अडकलेले ओठ मी ओळखते. आमच्या घरात रोज बघते.

पायऱ्यांच्या कडेवरून अगदी मऊ आवाज आला. "माझी."

आणि साहेब माइकमध्ये म्हणाले, "माझी."

म्हणून झाल्यावर त्यांनाच धक्का बसला! पण हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या होत्या, काकूंनी तर शिट्टी मारली, आता मागे कसं घेणार? आजोबा समाधानाने मान हलवत होते. "बरा आहे नट," मला म्हणाले, "पाठांतर कच्चं आहे."

आता हुकूम निघाला. तुम्हाला वाटेल पंचनाम्याचा? छे! पंचनामा कुणी करायचा, हे ठरवायला प्रकरण आणखी वर गेलं होतं आणि वर गेलेलं प्रकरण खाली येत नाही, ते ढग होतं. हुकूम असा, की निर्णय होईपर्यंत फाटकाच्या जागी एक हवालदार उभा राहील. लगेच प्रश्न, कोणत्या चौकीचा? म्हणून दोन. फरशीच्या आत वरच्या चौकीचे, तेच उंच, झोपाळू. फरशीच्या बाहेर खालच्या चौकीचे, तेच गोल. आमचं फाटक एका दाराचं होतं, आता दोन दारांचं झालं.

संध्याकाळी आजोबा आले. त्यांनी हवेत हात पुढे केला आणि तो उंच हवालदारांच्या पट्ट्याच्या बक्कलवर पडला. थंड, लोखंडी. आजोबा उभे राहिले, रस्त्याकडे बघितलं, पण "पडदा" काही म्हणाले नाहीत. बक्कल वर करून बघितली, खाली करून बघितली. हवालदारांना गुदगुल्या झाल्या. आजोबा म्हणाले, "हे दार हसतंय," आणि बाजूने निघाले. मग गोल हवालदारांनी हात पकडून "आत, आत, आजोबा" करत आणून सोडलं. आई गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "किती दिवस पुरणार हे? रविवारचं ठरलंय ते ठरलंय."

शनिवार आला. बॅग भरून दाराशी. त्या संध्याकाळी उजेड असा पिवळा होता, सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. मी गॅलरीत. खाली आजोबा निघाले, स्वच्छ धोतर, हळूहळू, शेवटचा प्रयोग असल्यासारखे. आणि मी बघते तर गोल हवालदार जागेवर नाहीत! कोपऱ्यावर दोन रिक्षांची टक्कर झाली होती, ते तिथे. आणि उंच हवालदार? उभे, डोळे उघडे, आत कुणी नाही. आजोबा त्यांच्या बाजूने गेले, फरशी ओलांडली आणि रस्त्याला लागले. समोरून गाड्या. मी ओरडले, पण आमचा पाण्याचा पंप चालू, माझंच मला ऐकू येईना.

मी जिन्याकडे धावणार तेवढ्यात हवालदार दचकले. त्यांना आजोबांची पाठ दिसली. ते धावले आणि गटाराच्या काठावर येऊन थांबले! एकदम, लक्ष्मणरेषेवर थांबावं तसे. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खालच्या चौकीचं कुणी नाही. शिट्टी तोंडाला लावली, काढली. मी गॅलरीतून दोन्ही हात हलवतेय. आणि आजोबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून आकाशातल्या त्या पिवळ्या दिव्याकडे बघतायत.

मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. एक चप्पल दुसऱ्या मजल्यावर, एक पायात. खाली आले तर फाटकात कुणीच नाही.

रस्त्यावर बघितलं. उंच हवालदार एक हात वर करून गाड्या थांबवत होते आणि दुसरा हात आजोबांच्या कोपराखाली. घाईत त्यांना फरशी दिसलीच नव्हती, बाजूने उडी मारली होती आणि ती चुकली होती. एक बूट थेट गटारात बुडून आला होता. आजोबांनी त्यांना विचारलं, "तुमची एंट्री आत्ता आहे?"

"हो आजोबा," हवालदार धापा टाकत म्हणाले, "जरा उशीरच झाला."

"चालतं," आजोबा म्हणाले. "आलात ना?"

आजोबांना मागे फिरायचं नव्हतं. तर हवालदार त्यांना ओढत नाही बसले. त्यांच्याबरोबर चालायला लागले. कोपऱ्यापर्यंत, इस्त्रीवाल्यावरून, बसस्टॉपवरून, एका बुटाने पचक-पचक करत. आजोबा काहीतरी सांगत होते आणि ते खरंच ऐकत होते, पूर्ण जागे. मी मागून एका चपलेवर. बसस्टॉपला वळसा घातला आणि आजोबा आपल्या आपणच घराच्या दिशेने लागले, जणू त्यांनाच हवालदारांना पोचवायला जायचं होतं.

फाटकाशी आल्यावर हवालदारांनी आजोबांना आत सोडलं, आपल्या जागेवर नीट उभे राहिले आणि मला हळूच बोलावलं. चेहरा पांढराफटक.

"ताई, सभेत बोलता तुम्ही. हे नका बोलू कुठे. मी हद्द ओलांडली."

मी मान हलवली. पण खाली बघते तर बुटाचे काळे ठसे! गटारापासून रस्ताभर, कोपऱ्यापर्यंत, परत आतपर्यंत. एकाच पायाचे, सरकारी बुटाचे. आणि गोल हवालदार कोपऱ्यावरून परत येताना दिसत होते.

तेवढ्यात आई आली. हातात बादली. ती सगळं वरून बघत होती. फरशीपासून सुरुवात करून एकेका ठशावर पाणी ओतत गेली. बादली संपली तशी मी दुसरी आणली. कोपऱ्यापर्यंत रस्ता धुऊन काढला आम्ही मायलेकींनी. गोल हवालदार म्हणाले, "वा, स्वच्छता!" आई म्हणाली, "धूळ फार होते हो."

मग ती वर गेली, ओल्या हातानेच फोन उचलला, आणि मामाला म्हणाली, "दादा, उद्या नको येऊस. मी बॅग रिकामी केली."

बॅग अजून भरलेलीच होती. फोन ठेवल्यावर तिने ती उघडली.